अंगणातला बदाम नेमका कुठला?

नागपुरात कुणी “आमच्या आवारात बदामाचं झाड आहे” असं सांगितलं, तर ते झाड डोळ्यांपुढे लगेच येतं. वीतभर लांब पानं, एकावर एक छत्र्या उघडून ठेवाव्यात तशा फांद्या, आणि हिवाळा सरता सरता लालभडक होऊन अंगणभर पडणारा पाचोळा. रात्री वटवाघळांनी टाकलेली फळं सकाळी वेचायची, तुरट गर चोखायचा आणि कोय दगडाने फोडून आतली बारीकशी बी काढायची, हा इथल्या मुलांचा जुनाच उद्योग. दुधात उगाळून देतात तो बदाम मात्र हा नव्हे.

हा देशी बदाम, म्हणजे टर्मिनालिया कटाप्पा. ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा या आपल्या रानातल्या झाडांचा हा सख्खा नातलग, पण स्वभावाने समुद्रकाठचा. त्याचं फळ पाण्यावर तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागतं आणि तिथे रुजतं. ‘कटाप्पा’ हे नाव मलय भाषेतल्या ‘केतापांग’वरून आलं. दुकानातला बदाम गुलाबाच्या कुळातला, पीच आणि जर्दाळूचा भाऊबंद, मूळचा पश्चिम आणि मध्य आशियातला. आपल्याकडे त्याची गिरी आली आणि ‘बदाम’ हा फारसी शब्दही आला. झाड काही काश्मीर-हिमाचलच्या खाली उतरलं नाही. मग ज्या झाडाची बी चवीला त्याच्याजवळ जाते, त्यालाच लोकांनी ते नाव देऊन टाकलं.

खरा बदाम इथे का होत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “आपलं ऊन!” २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. पण खरी अडचण हिवाळ्याची. बदामाचं झाड थंडीत झोपतं, आणि सुमारे ७ अंशांच्या खालचे काहीशे तास मिळाल्याशिवाय नीट फुलत नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांची नोंद आहे, पण अशा रात्री मोजक्याच, आणि दुपारी ऊन पुन्हा तापतं. शिवाय बहुतेक वाणांना फळ धरायला दुसऱ्या वाणाचे पराग लागतात. पावसाळ्यात आपली काळी माती पाणी धरून ठेवते, तेही त्याच्या मुळांना मानवत नाही. कुंडीत कच्चा बदाम रुजतो, पानंही धरतो. त्यापुढे आशा धरू नये.

परक्या झाडांशी या शहराचं वैर मात्र कधीच नव्हतं. सीताफळ, पपई आणि ज्याला आपण जाम म्हणतो तो पेरू, ही तिन्ही फळं अमेरिका खंडातली; पोर्तुगीज आले त्यानंतरच्या काळात ती इकडे पोहोचली. संत्र्याचं रोप अठराव्या शतकात रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेहून आणून आपल्या परसबागेत लावलं, असं सांगतात. भोसल्यांना बागांचा शौक होताच. महाराजबाग त्यांचीच, आज ती कृषी महाविद्यालयाकडे आहे. परसातलं ते झाड पुढे काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीपर्यंत पसरलं आणि २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वरूड-मोर्शीला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. बदाम मात्र अजून बहुतांशी त्या खऱ्या कॅलिफोर्नियातूनच येतो.

संत्रा इथे टिकला तो खुंटाच्या जोरावर. जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. जमिनीत मुळं लिंबाची, वर फळ संत्र्याचं. दुसरी युक्ती ताणाची. पाणी तोडून झाडाला काही आठवडे विसावा द्यायचा, मग पाणी सोडलं की फुलं येतात. थंडीनंतरचा तो आंबिया बहर, पावसाळ्याच्या तोंडावरचा तो मृग बहर. बदामाला जी झोप थंडीच देते, ती संत्र्याला पाणी तोडूनही लावता येते. घरच्या बागेत नेमकं हेच जमत नाही: शेजारच्या जास्वंदीला रोज पाणी, धुण्याचं पाणीही तिकडेच, आणि झाडाला ताण म्हणून बसतच नाही. वर खोडाशी पाणी साचलं की डिंक्या हा खोडातून डिंक गळण्याचा रोग लागतो. म्हणून नागपूरच्या अंगणात संत्र्यापेक्षा लिंबू, जाम आणि सीताफळच जास्त दिसतात, आणि कंपाउंडच्या कोपऱ्यात तो देशी बदाम, ज्याला कुणी मुद्दाम लावलेलंच नसतं.