कीड न लागणारी झाडं

१८२९ साली लंडनमधले डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड एका बंद बाटलीत पतंगाचा कोश पाळत होते. कोशाखालच्या ओल्या मातीतून अचानक नेचा उगवून आला. बाहेरच्या धुरकट हवेत त्यांचे नेचे मरत. बाटलीत मात्र काचेवर दव धरायचं, ओघळून परत मातीत मुरायचं, आणि रोप तगायचं. १८३३मध्ये त्यांनी अशाच काचपेट्यांतून सिडनीला रोपं पाठवली आणि ती जिवंत पोचली! तोवर खारं वारं आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे जहाजावरची बहुतेक रोपं वाटेतच जळून जात.

झाडांची ने-आण आधीही होतीच. उत्तर अमेरिकेतला रोबिनिया हा वृक्ष सतराव्या शतकातच पॅरिसला पोचला होता. काचपेटीनं या प्रवासाला वेग दिला, इतकंच. गुलमोहर आज उष्ण प्रदेशांतल्या कितीतरी शहरांत घरचाच वाटतो; मूळचा तो मादागास्करचा. कुंपणाला म्हणून नेलेली अमेरिकेची घाणेरी तर पाखरांनी बिया नेऊन रानोमाळ पसरवली.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की शहरांनी झाडं कोणत्या गुणांवर निवडली. कारखान्यांच्या काळात काजळी आणि दबलेली माती सोसणारं झाड हवं होतं. लंडन प्लेन हा वृक्ष, म्हणजे अमेरिकी आणि पौर्वात्य प्लेन या दोन झाडांचा संकर, त्यात चपखल बसला. त्याच्या सालीचे खपले गळून पडतात आणि खालून पिवळसर, स्वच्छ साल निघते. शिवाय कीड कमी, म्हणजे पानं नीटनेटकी. रस्त्याकडेच्या झाडात हा मोठाच गुण मानला गेला.

मग परदेशी झाडं सोडून नुसती देशी लावली की भागतं का? तसंही नाही. अमेरिकेतल्या शहरांनी रस्तोरस्ती तिथलाच एल्म हा वृक्ष लावला होता. १९३०च्या सुमारास बाहेरून आलेली बुरशी भुंगेऱ्यांमार्फत पसरली आणि रांगाच्या रांगा वाळल्या. म्हणूनच १९९०मध्ये अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ फ्रँक सँटामोर यांनी नियम सुचवला: एका जातीची झाडं १० टक्क्यांहून जास्त नकोत.

किडीकडे पाहण्याची नजर त्यानंतर बदलत गेली. वॉशिंग्टन परिसरातल्या घरांच्या बागांमध्ये चिकडी या चिमुकल्या पक्ष्याचा अभ्यास झाला. तो २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी झाडोरा ३० टक्क्यांवर गेला, की तिथं पुरेशी पिल्लं जगत नाहीत, असं त्यात दिसलं. चिकडीच्या एका विणीला हजारो अळ्या लागतात, आणि त्या वाढतात मुख्यतः तिथल्या मूळच्या झाडांच्या पानांवर.