प्रोस्टेटचा आकार आणि पीएसएचा भागाकार

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून बेळगावला युरोलॉजिस्टकडे येणाऱ्या साठीपुढच्या पुरुषांच्या पिशवीत बहुधा दोन कागद असतात, सोनोग्राफी आणि पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात त्या प्रथिनाची रक्ततपासणी). सोनोग्राफीत प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेली दिसली की घरचे धास्तावतात, आकार नॉर्मल असला की सुटकेचा श्वास टाकतात. कॅन्सरचा हिशेब मात्र बराचसा उलटा आहे.

तरुणपणी ही ग्रंथी साधारण 20 मिलि असते. वयानुसार वाढतो तो मूत्रनळीभोवतीचा आतला भाग; म्हणून धार बारीक होते, रात्री उठावं लागतं. कॅन्सर सुमारे 70 टक्के वेळा मागच्या-बाहेरच्या पट्ट्यात सुरू होतो आणि सुरुवातीला काहीच त्रास देत नाही.

पीएसए निरोगी पेशीही बनवतात. ग्रंथी मोठी, तर आकडाही मोठा. म्हणून पीएसएला आकारमानाने भागायचं. पीएसए 6 आणि ग्रंथी 80 मिलि, तर उत्तर 0.075, तोच 6 आणि ग्रंथी 30 मिलि, तर 0.20. उत्तर 0.15 च्या वर गेलं की संशय वाढतो. म्हणजे काळजी करायची ती दुसऱ्याची, ज्याची ग्रंथी जेमतेम वाढली आहे.

हा भागाकार मापावर उभा आहे. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून त्याला 0.52 ने गुणतात. 5 × 4.5 × 4 सेंमीची ग्रंथी सुमारे 47 मिलि भरते. पोटावरून सोनोग्राफी करताना 4 च्या जागी 4.5 मोजलं गेलं, तर 53 मिलि. पीएसए 7.5 असेल तर पहिल्या मापाने उत्तर 0.16, दुसऱ्याने 0.14! अर्ध्या सेंटिमीटरने माणूस रेषेच्या अलीकडे-पलीकडे होतो. म्हणून काठावरच्या आकड्यांत एमआरआयचं माप जास्त भरवशाचं.

बायोप्सीतही, म्हणजे सुईने ग्रंथीचे तुकडे काढून तपासतानाही, आकार आडवा येतो. सुई जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा, दीडेक सेंटिमीटर लांबीचा धागा काढते. असे 12 धागे म्हणजे 30 मिलिच्या ग्रंथीचा अर्धा टक्कासुद्धा नाही. 90 मिलिच्या ग्रंथीत तर त्याच्याही तिसरा हिस्सा. मोठ्या ग्रंथीत छोटी गाठ सुटू शकते, म्हणून ‘बायोप्सीत काही निघालं नाही’ एवढ्यावर फाईल बंद करू नये. आधी एमआरआय करून संशयास्पद जागेवर सुई नेली, तर ही चूक कमी होते.

आकडा फसवतो तो औषधांमुळेही. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही ग्रंथी लहान करणारी औषधं सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए साधारण निम्मी होते. रिपोर्टमधला 3 तेव्हा 6 समजावा. लघवीची वाट सैल करणाऱ्या टॅमसुलोसिनने असं होत नाही. पण या दोन्ही प्रकारची औषधं एकाच गोळीतही मिळतात, तेव्हा डॉक्टरांना गोळीची स्ट्रिपच दाखवावी. उलट लघवीचा संसर्ग झाला, लघवी अडून नळी घालावी लागली, तर पीएसए भलतीच चढते. सहा-आठ आठवडे थांबून, शक्यतो त्याच लॅबमध्ये, पुन्हा करावी. गुदद्वारातून बोटाने तपासताना कडक गाठ लागली, तर मात्र पीएसए कमी असली तरी पुढचा तपास टाळायचा नाही.

वाढलेल्या प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात फक्त आतला, वाढलेला भाग खरवडतात. कॅन्सर जिथे जास्त होतो तो पट्टा जागेवरच राहतो. म्हणून खरवडलेले तुकडे पॅथॉलॉजीला पाठवले का ते विचारून तो रिपोर्ट जपावा, आणि नंतरच्या पीएसएची तुलना ऑपरेशननंतर काही महिन्यांनी आलेल्या आकड्याशी करावी, आधीच्या आकड्याशी नव्हे.