‘नऊ व्होल्ट’च्या बॅटरीत नक्की किती व्होल्ट?

गिटारचा सूर बदलणारे पेडल, कॉलरचा वायरलेस माइक, खिशातला रेकॉर्डर, सहा पेन्सिल सेलवर चालणारी छोटी ड्रम मशीन. यांच्यासाठी रिचार्जेबल सेल घ्यायला गेलेला माणूस पाकिटावर आधी एमएएच, म्हणजे सेलची क्षमता, बघतो, २००० आहेत की २८००. घोळ मात्र व्होल्टमध्ये असतो, आणि तो जुना आहे.

चौकोनी बॅटरी १९५६च्या सुमारास ट्रान्झिस्टर रेडिओसाठी निघाली. आत दीड व्होल्टचे सहा चपटे सेल. दिडकीच्या पाढ्याप्रमाणे सहा दिडके नऊ. १९६२ साली आलेले आणि पुढे गाजलेले फझ, म्हणजे सूर मुद्दाम फाडणारे, पेडल तीन व्होल्टवर चालायचे, पण नंतरच्या पेडलवाल्यांनी रेडिओचीच बॅटरी उचलली. आज कित्येक पेडलांत बॅटरीला जागाही नसते, तरी अडॅप्टर नऊ व्होल्टचाच लागतो.

निकेल-कॅडमियमचा सेल स्वीडनमध्ये १८९९ सालीच तयार झाला होता. घरगुती वापरात तो खूप उशिरा आला, आणि येताना स्वतःचा आकडा घेऊन आला: १.२ व्होल्ट. पेन्सिल सेलच्या बाबतीत हा फरक लपून राहतो. चौकोनी बॅटरीत तो उघडा पडला, कारण तिथे सहाने गुणायचे होते. सहा सेल म्हणजे ७.२. काही उत्पादकांनी सहावरच भागवले, काहींनी त्याच डबीत सात बारीक सेल बसवून ८.४ गाठले, पुढे आठ सेलची ९.६वालीही आली. दुकानात मात्र तिघींचे नाव एकच, ‘नऊ व्होल्ट रिचार्जेबल’. खरा आकडा असलाच तर मागच्या बाजूला, बारीक अक्षरात.

सहा सेलच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद असा की अल्कलाइन, म्हणजे साधी फेकून द्यायची बॅटरीदेखील, अर्धी उतरली की दर सेलला १.२च्या आसपासच येते, मग तक्रार कसली? टॉर्च, खेळणी, भिंतीवरचे घड्याळ यांच्यापुरते हे बरोबर आहे. ध्वनीच्या सर्किटमध्ये मात्र आवाज किती उंच गेल्यावर फाटणार, हे बॅटरीचे व्होल्टेज ठरवते. नवावरून ७.२वर आलात की जवळजवळ दोन डेसिबलची मोकळीक गेली. हळू वाजवणाऱ्याला हे कळणारही नाही. जोरात आघात करणाऱ्याला कळते, तेही कार्यक्रमात. (फझवाल्यांची गोष्ट वेगळी, ते मुद्दाम अर्धमेली साधी बॅटरी शोधत फिरतात.) दुसरी अडचण उतरण्याच्या चालीची. अल्कलाइन उतारावरून चालत खाली येते, त्यामुळे माइकचा लाल दिवा वेळेत इशारा देतो. निकेलवाली सपाट चालते आणि शेवटी कड्यावरून पडते. अल्कलाइनच्या हिशेबाने लावलेला दिवा सहा सेलच्या बॅटरीवर पहिल्या मिनिटापासूनच लुकलुकू शकतो, आणि दिव्यावरचा विश्वास उडाला की तो कुणी बघत नाही. आठ सेलवाली याच्या उलट: चार्जरवरून काढल्या काढल्या अकरा व्होल्टपर्यंत जाते, हे प्रत्येक यंत्राला सोसत नाही. सात सेल हीच त्यातल्या त्यात शहाणी तडजोड होती. ७.२ला नऊ म्हणू द्यायलाच नको होते.

आपल्याकडे बॅटरीइतकाच ‘एलिमिनेटर’ हा शब्द चालला, म्हणजे बॅटरीऐवजी घरच्या विजेवर यंत्र चालवणारा डबा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तानपुरा निघाला, आणि पेटीवाल्यांच्या, गाणाऱ्यांच्या घरांत तो पोचला तसा एलिमिनेटरही पोचला. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या डब्यावर नऊ लिहिलेले असले तरी कमी भारावर तो बारा-तेरा व्होल्टही द्यायचा. शिवाय शंभर हर्ट्झची घरघर, म्हणजे तानपुऱ्याशेजारी न बोलावलेला आणखी एक सूर. महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांत रियाज सेलवर आला, तेव्हा घरघर गेल्याचा आनंद आणि सेलचा खर्च एकदमच कळला.

निकेल-मेटल हायड्राइड १९८९च्या सुमारास बाजारात आले आणि मग क्षमतेची चढाओढ लागली. दोन हजारच्या दशकाच्या मध्यापर्यंत पेन्सिल सेल २७०० एमएएचपर्यंत गेले. पण त्यातले बरेचसे कपाटात महिनाभर पडून राहिले की आपोआप उतरत. नोव्हेंबर २००५ मध्ये जपानमध्ये २००० एमएएचचा सेल आला. वर्षभर पडून राहिला तरी ८५ टक्के चार्ज टिकेल, असा त्याचा दावा होता. आकडा लहान असूनही बाजी त्यानेच मारली. रविवारी रेकॉर्डिंग आणि शनिवारी रात्री चार्जरची आठवण, अशा लोकांसाठी तो होता, आणि आपण बहुतेक सगळे तसेच. रेकॉर्डरच्या मेनूत सेलचा प्रकार विचारला जातो, तो मात्र १.२ आणि दीड व्होल्टच्या फरकामुळे. ती निवड फक्त बॅटरीचे चित्र खरे दाखवण्यासाठी असते. तिने सेल जास्त वेळ चालत नाहीत.

चार्जर या सगळ्यात मागे राहिला. स्वस्त चार्जर सेल जोडीने चार्ज करतात, त्यामुळे तीन सेलच्या यंत्रातला तिसरा सेल कायम कुठल्या तरी अर्ध्या भरलेल्या सोबत्याबरोबर जातो आणि दोघांपैकी एक बिघडतो. प्रत्येक सेल वेगळा तपासणारा चार्जर महाग वाटतो, पण खर्च करायचाच तर तो तिथे करावा. ‘पूर्ण उतरवल्याशिवाय चार्ज करू नका’ हा कॅडमियमच्या काळातला सल्ला तर अजून हयात आहे. ओळीत जोडलेले सहा सेल तळापर्यंत उतरवले, तर सर्वांत अशक्त सेल उलटा चार्ज होतो. युरोपने बहुतेक घरगुती वस्तूंतून निकेल-कॅडमियम २००८ मध्ये हद्दपार केले. सल्ला तेवढा राहिला.

आता लिथियम आले आहे आणि व्होल्टचा जुना घोळ नव्या रूपात परतला आहे. आत ३.७ व्होल्टचा सेल, सोबत तो दीडवर आणणारे इवलेसे सर्किट, कडेला यूएसबीचे भोक. दीड व्होल्ट शेवटपर्यंत मिळतात, मग एकदम शून्य. बॅटरीचे चित्र भरलेलेच दिसत असते. त्या सर्किटची किणकिण कधी प्रीअँपमध्ये (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या भागात), तर कधी माइकच्या रिसीव्हरमध्ये उतरते. हे सेल निकेलच्या चार्जरमध्ये घालायचे नसतात. आणि असे सर्किट नसलेला, नुसता ३.७ व्होल्टचा सेलही दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो. तसले सहा ड्रम मशीनमध्ये घातले तर नवाच्या जागी बावीस व्होल्ट.

पॉवर बँक हा सोपा उपाय वाटतो. पण छोटे यंत्र इतका कमी करंट ओढते की काही बँका, फोन काढला असे समजून, अर्ध्या गाण्यात बंद पडतात.

लिथियमच्या या सेलांच्या पाकिटावर आताशा एमएएचऐवजी एमडब्ल्यूएच, म्हणजे एमएएच गुणिले व्होल्ट, छापतात. ३६०० पाहून गिऱ्हाईक चकित होते. दीडने भागले की २४०० एमएएच उरतात.