ओतारूचा कालवा: भरावानं घडवला, भरावानंच निम्मा बुजवला

जपानच्या होक्काइदो बेटावरच्या ओतारू बंदरात गेलेला प्रवासी कालव्याकाठी थांबतोच. समोर दगडी गोदामांची रांग, अलीकडे फरसबंद पायवाट, तिच्या कडेनं गॅसचे ६३ दिवे. पण हा कालवा कुणी खणलेला नाही, हे तिथं उभं राहूनही कळत नाही. किनाऱ्यापासून थोडं अंतर सोडून समुद्रात भराव टाकला आणि मध्ये जी पाण्याची पट्टी उरली, तोच हा कालवा. म्हणून तो सरळ न जाता हलकेच वळत जातो. काम १९१४ मध्ये सुरू झालं, १९२३ मध्ये संपलं. आजची लांबी १,१४० मीटर, मूळची रुंदी ४० मीटर.

एवढा खटाटोप पडावांसाठी, म्हणजे माल वाहणाऱ्या होड्यांसाठी, होता. १८८० मध्ये ओतारूहून साप्पोरोला रेल्वे गेली आणि लवकरच होरोनाई खाणीचा कोळसा याच बंदरातून बाहेर पडू लागला. हेरिंग मासळीचा व्यापारही जोरात होता. मोठी जहाजं खोल पाण्यात नांगर टाकत. त्यांचा माल पडावांत उतरवून थेट गोदामाच्या दारी आणायचा, तर पडावांना आत यायला वाट हवी होती.

गोदामं जरा जवळून पाहावीत. भिंती दगडी दिसतात, पण आतला सांगाडा लाकडाचा आहे. मऊ, सहज घडवता येणारा दगड त्याला बाहेरून आगीपासून राखण्यासाठी लावलेला. कालव्याच्याही आधी, १८९० च्या दशकात उभ्या राहिलेल्या जुन्या ओतारू गोदामाच्या छपरावर वाघाचं तोंड आणि माशाचं अंग असलेले शाची बसवले आहेत. तेही आगीपासून रक्षण व्हावं याच श्रद्धेनं. त्या इमारतीत आता शहराचं संग्रहालय आहे. माझ्या मते फेरीची सुरुवात तिथूनच करावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजं धक्क्याला लागू लागली, पडाव संपले, पाणी गाळानं भरलं. १९६६ मध्ये कालवा बुजवून सहा पदरी रस्ता करायचं ठरलं. त्याविरुद्ध १९७३ मध्ये नागरिकांनी संरक्षण समिती स्थापली आणि दहा वर्षांहून अधिक काळ वाद चालला. शेवटी तडजोड झाली: दक्षिणेकडे निम्मी रुंदी बुजवून रस्ता, उरलेल्या २० मीटर पाण्याकाठी १९८६ मध्ये पुरी झालेली पायवाट. ज्या फरशीवर उभं राहून आपण फोटो काढतो, तिच्या जागी पूर्वी पाणी होतं. हे माझ्या मनाला फार लागतं.

पूर्ण ४० मीटरचा कालवा पाहायचा तर गर्दी मागे टाकून उत्तरेकडे चालत जावं. तिथं अजून लहान बोटी काठाला बांधलेल्या असतात.