अमरावती रोडवर ८०: मोटारसायकलच्या इंजिनाला किती सोसतं?

नागपूरच्या वेशीवरच्या वाडीची गर्दी मागे पडली की अमरावती रोड मोकळा होतो. चार पदरी, मध्ये दुभाजक. अशा रस्त्यावर मोटारसायकलसाठी केंद्र सरकारने २०१८ साली ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. (समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही, तेव्हा तिथल्या वेगाच्या गप्पा राहू द्या.) अमरावती साधारण १५० किलोमीटर. ८० चा काटा धरून ठेवला तर दोन तासांच्या जरा आत. सीताबर्डी ते हिंगणा एवढीच धाव माहीत असलेलं १०० सीसीचं इंजिन हे दोन तास सोसेल का?

याचं उत्तर द्यायच्या आधी उलट विचारावं लागतं: कोणत्या महिन्यात, किती वाजता, आणि जाताना की येताना? शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. इंजिनाला स्पीडोमीटरचा आकडा दिसत नाही. त्याला तीनच गोष्टी कळतात: मिनिटाला किती फेरे मारायचे, प्रत्येक फेऱ्यात किती जोर लावायचा, आणि तयार झालेली उष्णता कुठे टाकायची.

आधी फेरे, म्हणजे आरपीएम. ८० च्या वेगाने गाडी मिनिटाला १,३३३ मीटर जाते. १८ इंची चाकाचा परीघ टायरसकट साधारण १.८७ मीटर, म्हणजे चाक मिनिटाला ७१० वेळा फिरतं. १०० सीसीच्या गाडीत टॉप गिअरला इंजिन आणि चाक यांचं एकूण गुणोत्तर १० च्या आसपास असतं. म्हणून इंजिन जवळपास ७,१०० फेऱ्यांवर. स्प्लेंडरसारख्या इंजिनाची सर्वाधिक ताकद ८,००० फेऱ्यांवर मिळते, त्यामुळे ७,१०० हा आकडा घाबरवणारा वाटू शकतो. पण पिस्टनच्या दृष्टीने फेऱ्यांपेक्षा त्याचा सरासरी वेग महत्त्वाचा. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव, दुप्पट करा, फेऱ्यांनी गुणा, ६० ने भागा. स्प्लेंडरचा स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर, उत्तर येतं सेकंदाला ११.७ मीटर. जुन्या ३४६ सीसी बुलेटचा स्ट्रोक ९० मिलिमीटर, त्यामुळे ५,२५० फेऱ्यांतच तिचा पिस्टन १५.७ मीटरवर पोचतो. ३७३ सीसीच्या ड्यूकचा स्ट्रोक ६० मिलिमीटर. ९,००० फेऱ्यांना १८ मीटर. कानाला किंचाळणारं छोटं इंजिन पिस्टनच्या हिशेबाने पुष्कळ सौम्य चाललेलं असतं, आणि धीरगंभीर ‘धडधड’ करणारं मोठं इंजिन तेवढ्याच फेऱ्यांना मरायला टेकेल. आवाजावरून इंजिनाची कीव करू नये.

तरी ७,१०० फेऱ्यांत आत काय चालतं, ते पाहण्यासारखं आहे. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा पूर्ण थांबतो आणि उलट निघतो. अमरावती येईपर्यंत फेरे होतात सुमारे ८ लाख, थांबे १६ लाख. वरच्या टोकाला थांबताना त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १,७७० पट असतं. पिस्टन, रिंगा आणि गजन पिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी) मिळून १०० ग्रॅम धरले, तर त्या क्षणी कनेक्टिंग रॉडला पावणेदोन क्विंटलचा हिसका बसतो. हा हिसका फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो: फेरे निम्मे केले की हिसका पाव होतो. म्हणून कंपन्या फेऱ्यांना मर्यादा घालणारा रेव्ह लिमिटर बसवतात. पण लिमिटर फक्त स्पार्क किंवा पेट्रोल तोडू शकतो. ८० वर असताना चुकून दोन गिअर खाली पडले, तर चाकच इंजिनाला फिरवतं आणि लिमिटर बघत बसतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मागे पडतात, व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आत पिस्टन वर येतो. एका चुकीच्या गिअरने जे होतं, ते सरळ रस्त्यावरच्या दोन तासांत होत नाही.

तेव्हा फेऱ्यांची बाजू ठीक आहे. आता जोर.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. ताठ बसलेला एक माणूस आणि छोटी गाडी धरली, तर ८० वर हवा कापायला सुमारे ३ किलोवॅट लागतात, टायर रस्त्यावर लोळवायला आणखी ०.८. चेन आणि गिअरमधली गळती धरून इंजिनाला ४.२ किलोवॅट द्यावे लागतात. कंपनीने सांगितलेली कमाल ताकद ५.९ किलोवॅट, पण ती प्रयोगशाळेतल्या थंड हवेतली. मे महिन्यात ४५ अंशांना हवा विरळ होते, सिलिंडरमध्ये कमी भरते, आणि पाच-साडेपाचवर समाधान मानावं लागतं. म्हणजे इंजिन आपल्या कुवतीच्या ८० टक्क्यांवर चाललंय. ६० वर हेच काम साधारण निम्मं असतं. आणि ३५० सीसीच्या गाडीला ८० म्हणजे कुवतीच्या तिसऱ्या हिश्शाचं काम. ‘८० सोसेल का’ हा प्रश्न गाडीगणिक वेगळा का, ते इथे दिसतं.

आता वारा. अमरावती नागपूरच्या पश्चिमेला, आणि उन्हाळ्याच्या दुपारची लू येते ती पश्चिमेकडूनच. ताशी २० किलोमीटरचा वारा समोरून असेल, तर ८० च्या गाडीला हवा १०० ची लागते. हवा कापायची ताकद दीडपटीहून जास्त, साडेचार किलोवॅटच्या पुढे. टायर आणि चेन मिळवून बेरीज ६ किलोवॅट. एवढी ताकद त्या इंजिनात नाहीच! गाडी ७३-७४ वर रेंगाळते, चालवणारा मूठ पूर्ण पिळून बसतो, आणि कोंढाळी ते तळेगाव हा सगळा पट्टा इंजिन पूर्ण थ्रॉटलवर काढतं. परतीला तोच वारा पाठीशी आला की ८० ला चाकाशी अडीच किलोवॅट पुरतात. काट्यावर जाताना ७३-७४ आणि येताना ८०, तरी जाताना इंजिन जवळपास दुप्पट जोर लावतं. ‘जाताना गाडी ओढत नव्हती, मेकॅनिककडे दाखवली तर म्हणे काहीच नाही’ या तक्रारीतल्या बऱ्याच गाड्या खरंच निर्दोष असतात.

काम झालं की उष्णता आली. पेट्रोलमधल्या ऊर्जेतली पाव ते तीस टक्केच चाकाकडे जाते. ४.२ किलोवॅट काढायला साधारण १५.५ किलोवॅटचं पेट्रोल जाळावं लागतं. (तासाला पावणेदोन लीटर, म्हणजे ४५ च्या आसपास अॅव्हरेज, हिशेब रस्त्यावरच्या अनुभवाशी जुळतो.) उरलेल्यातला बराच भाग सायलेन्सरमधून जातो, पण जवळपास ५ किलोवॅट इंजिनाच्या अंगातूनच बाहेर पडावे लागतात. घरातले दोन हजार वॅटचे अडीच गिझर टाकीखाली सतत चालू आहेत असं समजा. ही उष्णता काढायला आहेत फक्त अॅल्युमिनियमचे पंख आणि लीटरभर ऑईल.

पंख आपलं काम किती करतील, हे त्यांच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, १८० अंशांवर असेल तर २५ अंशांच्या हवेत फरक १५५, ४५ अंशांच्या हवेत १३५. उष्णता काढण्याची क्षमता १३ टक्क्यांनी घटते. ती भरून काढायला हेड आणखी वीसेक अंश तापतं. एवढं चालून जातं. नवतप्यातही (मेअखेरचे सर्वात तापणारे नऊ दिवस) चालती गाडी सहसा हेडमुळे मरत नाही. मरते ती ऑईलमुळे.

४० ग्रेडचं ऑईल १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (द्रवाच्या जाडपणाचं एकक) जाड असतं. १४० अंशांना ते निम्म्याखाली येतं. मोटारसायकलमध्ये हेच ऑईल इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स तिघांना पुरतं; गिअरचे दात ऑईलला जाड ठेवणारे लांब रेणू चिरडून तोडतात, म्हणून जुनं ऑईल डब्यावरच्या ग्रेडपेक्षा पातळच असतं. त्यात सतत जास्त फेऱ्यांवर रिंगांच्या बाजूने ऑईल वर सरकून जळतं, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) वाफेसोबत जातं. शहरात दोन हजार किलोमीटरला न उतरणारी पातळी हायवेच्या एका फेरीत उतरलेली दिसू शकते. लीटरभर ऑईलमधलं ३०० मिली गेलं, तर उरलेल्याला तीच उष्णता जास्त वेळा वाहावी लागते, ते आणखी तापतं, आणखी पातळ होतं, आणखी जळतं. हे चक्र एकदा फिरलं की पिस्टन पकडतो.

पकडतो म्हणजे नेमकं काय? अॅल्युमिनियम बिडापेक्षा जवळपास दुपटीने फुगतं. ५० मिलिमीटरचा पिस्टन आणि बिडाचा बोअर (सिलिंडरचं भोक) दोन्ही १०० अंशांनी तापले, तर पिस्टन बोअरपेक्षा ०.०५ मिलिमीटर जास्त वाढतो. दोघांमधली फट असतेच तेवढीच, शतांश मिलिमीटरांत मोजायची. म्हणून पिस्टन मुळातच किंचित लंबगोल आणि वर निमुळता घडवतात, तापल्यावर तो गोल व्हावा म्हणून. ऑईलचा थर फाटला की कडेचा भाग बोअरला घासतो, घासल्याने तापतो, तापल्याने फुगतो. बाहेर कळतं ते असं: मूठ तीच, पण गाडी मागून कुणी धरल्यासारखी मंदावते. त्या क्षणी क्लच दाबायचा. विचार नंतर. क्लच दाबला नाही तर मागचं चाक लॉक होतं.

त्याआधी खुणा मिळतात. चढावर किंवा जोर लावताना पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी टिकटिक येते, ते नॉकिंग. तापलेल्या हेडमध्ये मिश्रण वेळेआधी पेटतंय. मूठ कमी करा, गिअर एक खाली घ्या. उंच गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर ओढत राहिल्याने नॉकिंग जास्त होतं. तापल्यावर न्यूट्रल सापडेनासा झाला, गिअर खटाखट पडायला लागले, तर ऑईल पातळ झालंय. बुलेटवाल्यांनी या खुणा टॅपेटच्या नेहमीच्या आवाजातून वेगळ्या ओळखायला शिकावं, कान लागतो.

पिस्टन पकडून सुटला असेल तर सावलीत अर्धा तास उभी करा. पाणी ओतू नका. कूलरच्या सवयीने नागपूरकराचा हात आधी पाण्याकडे जातो, पण १८० अंशांच्या हेडवर गार पाणी पडलं की ते वेडंवाकडं आखडतं, गॅस्केट जाते, क्वचित पंख तडकतात. थंड झाल्यावर किक हाताने हळू फिरवून पाहा, ऑईल बघा, मगच चालू करा. निळा धूर आला तर रिंगा किंवा बोअर ओरखडलंय; सावकाश घरी आणा, हेड उघडल्याशिवाय पुढचा निर्णय नाही.

२०२० आधीच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा एक वेगळा मुद्दा आहे. साध्या पेट्रोलच्या एका किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १३.५. इंजेक्शनची गाडी सेन्सर वाचून पेट्रोल वाढवते, कार्ब्युरेटरचा जेट मात्र पितळेचं भोक, त्याला काही कळत नाही. मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ होतं आणि पूर्ण थ्रॉटलवर हेड जास्त तापतं. अशा गाडीला लांब पल्ल्याआधी प्लग काढून पाहावा. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर ठीक, चुन्यासारखं पांढरं असेल तर मेन जेट एक नंबर मोठा लावून घ्यावा. प्लगशी खेळताना जपून: एनजीकेत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा), बॉशमध्ये नेमकं उलट.

पाण्याच्या रेडिएटरच्या गाड्यांना हा सगळा ताप कमी. निम्मं ग्लायकॉल आणि दाबाचं झाकण असलं की कूलंट १२५ अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. मात्र उन्हाळ्यात कुणी नुसतं नळाचं पाणी भरलं असेल, तर हा फायदा बराचसा जातो आणि आत क्षार जमतो तो वेगळाच.

निघायच्या आदल्या दिवशी: गाडी मेन स्टँडवर, इंजिन तीन मिनिटं चालवून बंद, दोन-तीन मिनिटांनी डिपस्टिक. बऱ्याच छोट्या गाड्यांत ती आट्यात न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. फिरवून पाहिली तर पातळी खोटी दिसते. ऑईल बदलायची वेळ ५०० किलोमीटरवर आली असेल तर आताच बदला. ग्रेड मॅन्युअलमधलीच, १०डब्ल्यू-३० च्या इंजिनात ‘उन्हाळा आहे’ म्हणून स्वतःच्या मनाने २०डब्ल्यू-५० भरायची गरज नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटारसायकलच्या क्लचला चालणाऱ्या ऑईलचं जपानी मानक) लिहिलेलं हवं. कारचं ऑईल क्लच घसरवू शकतं. एअर फिल्टर, चेनचा ढिलेपणा, आणि टायरमधली हवा सकाळी थंड असताना. खरं तर तापलेल्या डांबरावर इंजिनाआधी कमी हवेचा टायर दगा देतो.

नवी गाडी पहिले हजार किलोमीटर या परीक्षेला बसवू नका. बाकीच्या १०० सीसीवाल्यांनी ६५ ते ७० धरावं, मूठ तीन-चतुर्थांशाच्या पुढे नेऊ नये, आणि समोरून वारा असेल तर काट्याशी भांडू नये. तळेगावला चहाला थांबताना शेवटचे दोन किलोमीटर ४० ने या. ताणलेलं इंजिन उभं करून आयडलवर ठेवलं की पंखांवरून हवाच जात नाही; त्यापेक्षा हळू चालवून थंड केलेलं बरं.

पहाटे पाचला वाडी सोडली तर लू सुटायच्या आत अमरावती गाठता येते. परतल्यावर रात्री डिपस्टिक काढायची घाई नको, आधीसारख्याच स्थितीत मोजलं तरच तुलना जमते. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच मेन स्टँडवर, तेवढाच वेळ इंजिन चालवून पाहा. निघण्याआधीच्या रेघेपासून किती उतरलं, ते त्याच आठवड्यात मेकॅनिकला सांगा.