शाकारणी

पावसाळ्याआधी घराचे छप्पर उघडून, साफ करून, फुटकी कौले बदलून ते पुन्हा बसवणे, या कामाला शाकारणी म्हणतात. शाकारणे हा शब्द मूळचा गवताच्या किंवा पेंढ्याच्या छपराचा. छपरावर कौले आली तरी तो टिकून राहिला. घाटावर याच कामाला घर चाळणे, कौले चाळणे किंवा परतणे असेही म्हणतात. ही नोंद मुख्यतः कोकण आणि गोव्यातील शाकारणीची आहे. त्या पट्ट्यात ही डागडुजी तर असतेच, पण घराच्या बाहेरच्या अंगाची वर्षातली सर्वांत मोठी सफाईही तीच असते.

रत्नागिरीला वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर सुमारे ७,००० मिलिमीटर. यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. त्या काळात छपराचा फणसाच्या किंवा आंब्याच्या सावलीतला भाग दिवसच्या दिवस कोरडा होत नाही, आणि शेवाळाला हवे असते ते एवढेच.

बोलीत ज्याला सरसकट शेवाळ म्हणतात त्यात निरनिराळे जीव येतात. पहिल्या पावसानंतर पायऱ्यांवर जो हिरवा बुळबुळीत थर चढतो, तो शैवलांचा. चिऱ्यावर, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडावर, आणि सिमेंटवर ओघळल्यासारखे काळे पट्टे उठतात, ते बहुधा नील-हरित शैवलांचे असतात. पांढऱ्या भिंतीवर गंजासारखा नारिंगी डाग पसरला की लोक लोखंडाचा दोष काढतात, पण अनेकदा तो ट्रेंटेपोलिया नावाच्या शैवलाचा असतो. हे वर्गाने हिरवे शैवल असले तरी अंगातल्या नारिंगी रंगद्रव्यामुळे तसे दिसते. कौलांच्या सांध्यांत मखमलीसारखी वाढते ती हरिता, म्हणजे खरे शेवाळ. कौलाला घट्ट चिकटलेले राखाडी-पांढरे चट्टे दगडफुलाच्या जातीचे, शैवाकांचे. दगडफूल आम्ले सोडून पृष्ठभाग हळूहळू कुरतडते आणि ओढून काढायला गेले तर कौलाची कातडी घेऊनच निघते. म्हणून ते खरवडू नये.

हरितेला मुळे नसतात. बारीक तंतूंनी ती कौलाला धरून राहते आणि पाणी सगळ्या अंगाने शोषते. एप्रिल-मे मध्ये ती काळपट, चुरचुरीत होते आणि मेल्यासारखी दिसते, पण बहुधा मेलेली नसते. वळवाची एक सर पडली की थोड्याच वेळात तिच्यात हिरवेपणा परततो. ऊन लागले की शेवाळ आपोआप जाईल, असे समजून शाकारणी पुढे ढकलणारे इथेच फसतात. मात्र वाळलेली हरिता कौलावरून सहज सुटते. ओली असताना तासभर खरवडून निघणार नाही, ती मे महिन्यात खराट्याच्या दोन फटकाऱ्यांत निघते. शाकारणी मेमध्ये का करतात याचे हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे ओल्या कौलावर पाय ठरत नाही.

थंड देशांत शेवाळाचा मुख्य दोष सांगतात तो असा की त्यात साठलेले पाणी गोठते आणि कौल फुटते. कोकणात पाणी गोठत नाही, त्यामुळे तिकडचे सल्ले इकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. इथले नुकसान कौलाच्या खाली होते. मंगलोरी कौलाच्या कडांना खाचा असतात. एका कौलाची खाच दुसऱ्यात अडकते आणि सांध्यात शिरलेले पाणी त्याच खाचांतून खाली वाहून जाते. त्यांत हरिता, पाला आणि मुंग्यांची माती भरली की पाणी अडते आणि मागे चढून कौलाखाली उतरते. आधी रीप, म्हणजे कौल टेकते ती लाकडी पट्टी, भिजते, मग तिच्याखालचा वासा. ओल्या लाकडाला बुरशी येते आणि पाठोपाठ वाळवी. घरात गळती दिसू लागते तोवर पोफळीच्या रिपा कधीकधी बोटाने दाबता येतील इतक्या भुसभुशीत झालेल्या असतात. ही गळती नेमकी कुठून येते ते खालून कळत नाही, कारण थेंब वाशावरून घरंगळत चार हात लांब जाऊन पडतो.

कोकणात जुनी कौले नळीची. कुंभाराने चाकावर केलेल्या नळ्याचे उभे दोन भाग करून ती तयार होत. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी, अशी ती नुसती ठेवलेली असत. वारा, मांजर, माकड, कशानेही सरकत, त्यामुळे दरवर्षी परतणे भागच असे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. तो उभा करणारे जॉर्ज प्लेब्स्ट हे जर्मन मिशनरी होते. नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठची चिकणमाती, यंत्रातले साचे आणि पक्की भाजणी यांतून तयार झालेले खाचेचे लाल कौल समुद्रमार्गे मुंबईपर्यंत आणि त्याहीपलीकडे गेले. हे कौल जागचे हलत नसल्याने छप्पर दरवर्षी उघडण्याची सक्ती संपली. सोय झाली खरी, पण खाचांतली घाण वर्षानुवर्षे न दिसता साचू लागली, तीही इथूनच. मंगलोरी कौलांचे घर सलग आठ-दहा वर्षे न शाकारता ठेवणे ही आजची नेहमीची चूक आहे.

शाकारणीचा खरा कस कौले उचलण्यात असतो. काम आढ्यापासून सुरू होते. आधी कोने, म्हणजे आढ्यावरची पन्हाळी कौले, उतरवतात. मग एकेक पाखे, म्हणजे छपराची उतरती बाजू, ओळीओळीने उकलतात. एक जण वर, एक शिडीवर, एक खाली, आणि कौल हातोहात उतरते. खालचा माणूस प्रत्येक कौलावर बोटाच्या पेराने टकटक करतो. खणखणीत आवाज आला तर कौल शाबूत, बद्द आला तर तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो. पाठपोट खराट्याने झाडायची, खाचा कोयतीच्या टोकाने मोकळ्या करायच्या, चिकट थर नारळाच्या सोडणाने घासायचा. विंचू आणि कुंभारमाशीची घरे याच वेळी निघतात, म्हणून हात घालण्याआधी कौल काठीने उचलून पाहण्याची सवय असते. रिपा उघड्या पडल्या की कुजलेल्या बदलतात. पुन्हा घालताना वळचणीकडून आढ्याकडे जातात. शेवटी भर दुपारी एक जण माळ्यावर जाऊन अंधारात उभा राहतो. जिथे कवडसा दिसतो तिथले कौल हलवायचे. काचेच्या कौलाचा उजेड सोडला, तर माळ्यावर प्रकाशाचा ठिपका राहता कामा नये.

सगळे छप्पर उघडणे शक्य नसेल तर निदान वळचणीकडच्या ओळी, दोन पाखी मिळतात त्या खोबणी आणि झाडाखालचा भाग एवढे तरी उचलावे. साठते ते इथेच. वरून झाडायचे झाल्यास झाडू नेहमी आढ्याकडून खाली ओढावा. उलटा मारला तर कचरा कौलांच्या सांध्यात ढकलला जातो. पाय कौलाच्या मधोमध देऊ नये. दोन कौले एकावर एक येतात तिथे, खाली वासा असेल तिथेच द्यावा. आढ्याला दोराने बांधलेली शिडी पाख्यावर आडवी टाकून तिच्यावरून फिरणे सर्वांत बरे.

अलीकडे प्रेशर वॉशर, म्हणजे दाबाच्या पाण्याचे यंत्र, भाड्याने मिळते आणि छप्पर तासाभरात लालभडक दिसू लागते. कौलांसाठी हा उपाय घातक आहे. भाजलेल्या कौलाचा वरचा थर घट्ट असतो. तो झिजला की कौल जास्त पाणी पिते, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच शेवाळ दाट येते. शिवाय वरून मारलेले पाणी सांध्यांतून थेट वाशांवर जाते. खाचांतली माती मात्र आहे तिथेच राहते. सिमेंटच्या अंगणाला किंवा फरशीला हे यंत्र ठीक आहे, कौलांना आणि चिऱ्याला नाही.

औषधांबाबतही तारतम्य हवे. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने शैवल मरते आणि काळे पट्टे उतरतात, पण पागोळ्यांचे पाणी विहिरीत किंवा टाकीत जात असेल तर छपरावर ती वापरू नये. ब्लीचिंगमध्ये संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, हे शेवाळाचे जुने विष आहे. पोफळीच्या कोळेरोगावर बागायतदार जे एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण फवारतात (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी) ते हरितेलाही मारते. पण तांबे माशांना घातक असते, म्हणून वहाळ किंवा तळे जवळ असेल तर ते टाळावे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, सिअ‍ॅटल-पोर्टलंडच्या रिमझिम पावसाच्या प्रदेशात, आढ्याखाली जस्ताची किंवा तांब्याची पट्टी ठोकतात. पावसाबरोबर धातूचा अंश छपरावरून ओघळत राहतो आणि शेवाळाची वाढ खुंटते. तिथल्या डांबरी शिंगलच्या (कौलांसारख्या चपट्या तुकड्यांच्या) छपरांवरही दाबाचे पाणी मारू नये, असेच उत्पादक सांगतात.

भिंतींचे गणित वेगळे. जांभा दगड सच्छिद्र असतो, खाणीतून काढताना मऊ आणि हवा लागली की कठीण होणारा. उघड्या चिऱ्याच्या भिंतीला झड लागली की ती पाणी पीत राहते, आणि आधी काळी मग हिरवी होते. जुन्या घरांत यावर दोन उपाय असत : लांब वळचण आणि चुना. पश्चिमेच्या झडीच्या बाजूला माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे बांधत. महाबळेश्वरला गवताचे तट्टे बांधून भिंती झाकण्याची पद्धत होती. चुन्याचा हात मारला की भिंत तीव्र अल्कधर्मी होते आणि शैवल काही काळ धरत नाही. चुना भिंतीला श्वासही घेऊ देतो. सिमेंटच्या गिलाव्याआड आणि प्लास्टिक रंगाआड ओल कोंडते, पोपडे सुटतात आणि त्या फटींत पुन्हा हिरवे दिसू लागते. गोव्यात जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत याचे मोठे उदाहरण दिसते. १६०५ मध्ये अर्पण झालेल्या या चर्चच्या बाहेरच्या भिंतींवरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला गेला. आज पर्यटक जो तांबडा जांभा बघून हरखतात तो उघडा राहावा असा बांधलाच नव्हता. पावसाने तो झिजतो आहे, आणि गिलावा परत द्यावा की नाही यावर वाद चालू आहे. जांभ्याचा स्वभाव पाहता गिलावा परत देण्याची बाजू अधिक पटणारी आहे.

अंगण, पाखाडी (दगडी पायवाट), विहिरीचा काठ इथे शेवाळाचा धोका सर्वांत थेट आहे. पावसाळ्यात म्हातारी माणसे पडतात ती बहुधा इथेच. सकाळी खराट्याने घासणे, आठवड्याला चुना भुरभुरणे, आणि खळ्यातून, म्हणजे अंगणातून, गोठ्यापर्यंत माडाची किंवा पोफळीची झावळे अंथरून त्यावरून चालणे, हे सगळे अजून चालते. झावळ कुजली की ती माडाच्या आळ्यात जाते.

आज शाकारणी कमी होते आहे. कौलांवर चढणारे हात मुंबईला गेले, आणि माकडांच्या टोळ्या एका सकाळी पन्नास कौले फोडून जातात, म्हणून अनेकांनी पत्रा घातला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीतली छपरे पावसाच्या तोंडावर उघडी केली, तेव्हाही अनेक घरांवर कौलांच्या जागी पत्रा आला. पत्र्यावर पाला साचला तर शेवाळ तिथेही धरते, फक्त पाणी खाली उतरत नाही. कौले ठेवणारे लोक फुटक्यांच्या जागी घालायला जुनी कौले मागच्या पडवीला रचून ठेवतात. एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या खाचेत नीट बसेलच असे नाही, म्हणून पाठीवरचा शिक्का बघूनच ती रचलेली असतात.