व्हील बेअरिंग बदलताना जोर कुठून जातो?

गाडी चाळीस-पन्नासच्या वर गेली की खालून एक घुमल्यासारखा आवाज यायला लागतो, वेग वाढवला की तो वाढतो, गिअर न्यूट्रलला टाकला तरी तसाच राहतो, आणि पहिले काही दिवस आपण टायरवर संशय घेतो. टायर आणि बेअरिंग (एकात एक दोन रिंगा, मध्ये गोल छर्रे, ज्यांवर चाक फिरतं) यांच्यातला फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा नाही. बेअरिंगचा आवाज बदलतो तो वळणावर. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो, तेव्हा आवाज वाढला तर उजवीकडचं बेअरिंग गेलं असण्याची शक्यता जास्त.

या आवाजाचा हिशोबही मांडता येतो. टायरचा घेर साधारण १.९ मीटर धरा. ताशी ६० किमी वेगाला चाक सेकंदाला जवळपास ९ फेरे मारतं. बेअरिंगच्या आत छर्र्यांना धरून ठेवणारी जी जाळी असते (मेकॅनिक तिला केज म्हणतात) ती चाकाच्या निम्म्याहून थोडी कमी वेगाने फिरते. एका ओळीत १३ छर्रे असतील आणि बाहेरच्या रिंगवर एका ठिकाणी खड्डा पडला असेल, तर त्या खड्ड्यावरून सेकंदाला ४७-४८ छर्रे धडधडत जातात. म्हणजे ४७-४८ हर्ट्झ, अगदी खर्जातला आवाज. ९० च्या वेगाला तोच ७० च्या आसपास जातो. घुमण्याचा सूर वेगाबरोबर चढत जातो तो यामुळे.

हे सगळं कागदावर ठीक होतं, पण मी आमच्या गाडीचं काढलेलं बेअरिंग घरी आणून उघडलं तेव्हा ते खरं पटलं. ग्रीस मधासारखं असायला हवं ते काळं झालेलं, आणि त्यात टॉर्चच्या उजेडात चमकणारी धातूची बारीक पूड. रॉकेलने धुतल्यावर बाहेरच्या रिंगची खाच बहुतेक सगळीकडे आरशासारखी निघाली, फक्त एका जागी करंगळीच्या नखाएवढा खवला उडालेला, कडा खरबरीत, नख फिरवलं की अडकत होतं. बाकी सगळं बेअरिंग धडधाकट. एवढ्याशा खवल्याने दोन महिने गाडी घुमत होती!

खवला एकाच जागी का उडतो? बहुतेक गाड्यांत बाहेरची रिंग नकलमध्ये (हब आणि बेअरिंग धरून ठेवणारा, न फिरणारा भाग) घट्ट बसलेली असते आणि आतली रिंग हबबरोबर (ज्यावर चाक नटांनी बसतं तो भाग) फिरते. बाहेरची फिरतच नाही, त्यामुळे गाडीचं वजन कायम तिच्या एकाच बाजूवर येतं, आणि त्या बाजूला त्या क्षणी असलेले मोजके छर्रेच ते पेलतात. एका चाकावर तीन-साडेतीनशे किलो, आणि गोल छर्रा खाचेला टेकतो ती जागा काही चौरस मिलिमीटरची. गणिती गोल आणि सपाटी एका बिंदूत टेकतात, पण खरं पोलाद दबतं, त्या बिंदूचा छोटासा लंबगोल होतो, आणि तो किती मोठा होईल, त्यावर दाब किती येईल याचं गणित हाइनरिश हर्ट्झने १८८० च्या नाताळच्या सुट्टीत मांडलं, तेव्हा त्याचं वय होतं २३. तो काचेची भिंगं एकमेकांवर टेकवल्यावर किती दबतात याचा विचार करत होता. रेडिओ लहरींचं काम त्यानंतरचं. आपल्या खराब बेअरिंगचा आवाज ज्या हर्ट्झमध्ये मोजायचा, त्याच माणसाचं सूत्र वापरून ते बेअरिंग खराब का झालं हेही काढायचं, हे मला फार आवडतं.

त्या सूत्राने दाब काढला की तो हजार मेगापास्कलच्या वर सहज जातो, साधं बांधकामाचं लोखंड त्याखाली चेपलंच असतं. म्हणून बेअरिंगचं पोलाद वेगळं, साधारण १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम, आणि पाणी देऊन कडक केलेलं. गंमत अशी की सगळ्यात जास्त ताण पृष्ठभागावर नसतोच, तो पृष्ठभागाच्या जरासा खाली असतो. लाखो वेळा तो ताण आला-गेला की आत कुठेतरी सूक्ष्म चीर पडते, ती सरकत वर येते आणि एक दिवस पापुद्रा सुटतो. उत्तम निगा राखलेलं बेअरिंगसुद्धा शेवटी असंच जातं. पण खरं सांगायचं तर बहुतेक बेअरिंगं त्या वयापर्यंत पोचतच नाहीत. सील (बेअरिंगची कड बंद करणारी पट्टी) झिजतं, पाणी आणि धूळ आत शिरते, छर्रा आणि खाच यांच्यामधला तेलाचा थर मुळात एक मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाएवढासुद्धा नाही, त्यात धुळीचा कण आला की काय होणार ते उघड आहे. प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट हबच्या सीलवर मारू नये तो याच कारणासाठी.

आणि तिसरं कारण म्हणजे ठोका. फुटपाथच्या कडेवर जोरात चढलेलं चाक, खोल खड्डा, किंवा बेअरिंग बसवताना दिलेला चुकीचा दाब. हा लेख लिहायचं माझं कारण हेच शेवटचं आहे, कारण नवीन बेअरिंग टाकल्यावर पाच-सहा हजार किलोमीटरमध्ये पुन्हा आवाज आला की लोक कंपनीला दोष देतात, माल डुप्लिकेट होता म्हणतात, आणि कित्येकदा ते बेअरिंग बसवतानाच गेलेलं असतं.

बेअरिंग उभं असताना किती भार सोसू शकतं हे ठरवायचं एक मान्य माप आहे. छर्रा आणि खाच मिळून कायमचा चेप छर्र्याच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा आला की मर्यादा झाली. छर्रा १२ मिमीचा असेल तर १.२ मायक्रोमीटर! डोळ्याला दिसणार नाही, हाताला लागणार नाही. आता वर्कशॉपमधला प्रेस (दाबून भाग बसवायचं-काढायचं यंत्र) बघा, तो १०-२० टनांचा असतो. गंजलेला हब सुटताना "फाट्" करून जो आवाज होतो तेव्हा कित्येक टन जोर लागलेला असतो. तो जोर जर एका रिंगवर देऊन दुसऱ्या रिंगने अडवला, तर मधला रस्ता एकच, छर्र्यांमधून. आणि तोही आडवा जोर, त्यामुळे छर्र्यांच्या दोन ओळींपैकी एकाच ओळीवर सगळा येतो. प्रत्येक छर्रा खाचेत आपली खूण सोडतो, समान अंतरावर, आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून खड्ड्यांच्या रस्त्यावर धावायला लागतं.

म्हणून नियम एकच लक्षात ठेवायचा, जी रिंग घट्ट बसवायची आहे त्याच रिंगवर दाब द्यायचा. बेअरिंग नकलमध्ये घालताना दाब बाहेरच्या रिंगवर. मग हब बेअरिंगमध्ये घालताना खालून आधार आतल्या रिंगला. या दुसऱ्या वेळी बहुतेकजण चुकतात, कारण नकल प्रेसच्या टेबलावर नुसती ठेवून वरून हब दाबला की तो छान आत जातो, सगळं जागेवर दिसतं, पण त्यात नकलने बाहेरची रिंग धरलेली असते आणि हब आतली रिंग खाली ढकलत असतो. खाली योग्य मापाचा पाइपचा तुकडा आतल्या रिंगखाली ठेवला असता तर छर्र्यांना कळलंही नसतं.

काढताना मात्र जोर छर्र्यांमधूनच जातो, त्याला इलाज नसतो. म्हणूनच दाबून बसवलेलं बेअरिंग एकदा काढलं की ते परत वापरायचं नाही, कितीही चांगलं वाटलं तरी.

काढायचं काम तसं सरळ आहे, वेळखाऊ आहे एवढंच. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट आणि एक्सल नट (हबच्या मधोमध असलेला मोठा नट) सैल करून ठेवायचे, एक्सल नटची कडा दाबून लॉक केलेली असते ती आधी छन्नीने उचलायची. मग जॅक, आणि जॅकवर विसंबून न राहता खाली स्टँड. कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) सोडवला की तो तारेने टांगायचा, ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवायचा नाही. एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर जपून बाजूला, बॉल जॉइंट सोडवून नकल बाहेर. हब दाबून काढला की बहुतेक वेळा बेअरिंगची आतली अर्धी रिंग हबवरच चिकटून येते, आणि ती पुलरने हलत नसेल तर ग्राइंडरने तिला एक तिरका चिरा द्यायचा, आरपार नाही, हबला न लागता जेमतेम राहील एवढा, आणि त्या चिऱ्यात छन्नी ठेवून एक ठोका. रिंग ताणून बसलेली असते, त्यामुळे ती टणकन फुटून सैल होते. डोळ्यांवर चष्मा हवाच, हे पोलाद कडक असतं तितकंच ठिसूळ, तुकडा गोळीसारखा उडतो.

नवीन बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची युक्ती बरेचजण करतात आणि तिच्यात तथ्य आहे. पोलाद दर अंशाला लांबीच्या लाखात सव्वा भाग आक्रसतं, ८० मिमीची रिंग ३० अंशांवरून उणे १८ वर नेली की व्यास सुमारे ०.०४८ मिमीने कमी होतो. ऐकायला काहीच नाही, पण फिट मुळात मिलिमीटरच्या काही शतांश भागांचीच घट्ट असते. बाहेर काढल्यावर धरलेलं दव पुसायचं, नकलचं भोक आधीच स्वच्छ केलेलं असायला हवं. सर्क्लिप (बेअरिंग सरकू न देणारी स्प्रिंगची कडी) तिच्या खाचेत पूर्ण बसली का ते फिरवून बघायचं.

एबीएसच्या गाडीत एक गोष्ट हमखास विसरते. कित्येक बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्ये उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे चुंबकाचे ध्रुव आळीपाळीने बसवलेले असतात, सेन्सर तेच मोजतो. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. बेअरिंग उलटं बसलं तर गाडी चालेल पण डॅशवरचा एबीएसचा दिवा जाणार नाही, आणि दुरुस्त करायला पुन्हा सगळं काढावं लागेल, वर तेही बेअरिंग वाया. खात्री नसेल तर कागदाची टाचणी दोन्ही बाजूंना हलकी टेकवून बघा, कुठे ओढली जाते ते कळतं, फक्त त्या बाजूला लोखंडाची पूड लागू देऊ नका आणि तिच्यावर हातोडा तर मुळीच नको.

बऱ्याच नव्या गाड्यांत ही प्रेसची भानगडच नाही, हब आणि बेअरिंग एकसंध येतात, मागून तीन-चार बोल्ट आणि काम झालं. तिथे त्रास गंजाचा, लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते म्हणून तो हबला नकलमध्ये आवळून धरतो. जुना निघाला की बसायची जागा तारेच्या ब्रशने चकचकीत करा, तिथे राहिलेली खपली हबला तिरकं बसवते आणि पुढे ब्रेक मारताना पेडल थरथरतं.

राहिला एक्सल नट. तो नवीनच लावायचा, आणि टॉर्क पान्ह्याने, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत, तो बऱ्याच गाड्यांत २०० न्यूटन मीटरच्या आसपास किंवा वर असतो. एअर गनने फटफट करून आवळलेला नट किती आवळला हे कुणालाच सांगता येत नाही. दाबून बसवलेल्या बेअरिंगची आतली रिंग दोन अर्ध्यांची असते आणि तिचे दोन्ही अर्धे एकमेकांना घट्ट टेकवून ठेवतो तो हाच नट. तो सैल असताना गाडी चाकावर उतरवून थोडी जरी पुढे-मागे ढकलली, तरी ते अर्धे हलतात आणि वजन वेड्यावाकड्या जागी छर्र्यांवर येतं. चाक हवेत असताना मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा, नट पूर्ण आवळा, त्याची कडा दाबून लॉक करा आणि मगच जॅक खाली सोडा.